‘मिलिंद’ या नावामागचा मेनांद्रोस: अर्थ आणि व्युत्पत्ती

भुंगा १९७१ (धागाकर्ता)

माझे नाव मिलिंद. शाळेत आमच्या एकाच तुकडीत चार मिलिंद होते, त्यामुळे गुरुजी आम्हाला आडनावानेच हाक मारत. आईला संस्कृतची आवड होती आणि मिलिंद म्हणजे कमळात रमणारा भुंगा, हे तिने मला लहानपणीच सांगितले होते; त्यावर मी पन्नास वर्षे समाधानी होतो. गेल्या महिन्यात पुतणीच्या मुलाच्या बारशाच्या निमित्ताने बाळाच्या नावांची एक पुस्तिका हाती आली. तिच्यात ‘मिलिंद: भ्रमर; एक ग्रीक राजा’ असे दोन अर्थ एकाच ओळीत अर्धविरामाने जोडलेले होते. तेव्हापासून तो अर्धविराम मला स्वस्थ बसू देत नाही.

हा राजा म्हणजे इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर वायव्य भारतात राज्य करणारा यवन, म्हणजे ग्रीक, राजा मेनांद्रोस, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत इंग्रजी वळणाने मिनँडर म्हणतात, एवढे मला ठाऊक आहे. त्याच्या लढाया आणि राज्यविस्तार हा या धाग्याचा विषय नाही. मेनांद्रोस या ग्रीक नावाचा मूळ अर्थ काय, त्याचा मिलिंद कोणत्या वाटेने झाला आणि त्या वाटेवर भुंगा कोठे भेटला, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

शब्दवेल्हाळ

धागा आवडला. मेनांद्रोस हे दोन पदांचे सामासिक नाव आहे. त्यातले उत्तरपद निर्विवाद आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

ग्रीक भाषेत पुरुषाला ‘आनेर’ म्हणतात आणि त्याची षष्ठी ‘आंद्रोस’ अशी होते. हा आनेर आणि आपला ‘नृ’ किंवा ‘नर’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ग्रीकमध्ये आरंभी जो स्वर दिसतो, तो संस्कृतात गळून पडला, तरी त्याची खूण मात्र राहिली. ऋग्वेदातल्या ‘सूनर’ या शब्दात ‘सु’चा उकार दीर्घ झाला आहे तो त्या हरवलेल्या ध्वनीमुळे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

आता प्रश्न उरतो तो मध्येच आलेल्या ‘द’चा. ‘आनेर’मध्ये द नाही, मग ‘आंद्रोस’मध्ये तो आला कोठून? हे समजण्यासाठी ‘अन्र’ हा उच्चार घाईघाईने चार वेळा करून पाहावा. न म्हणताना जीभ दातांमागे टेकलेली असते आणि र साठी ती सुटावी लागते. ती सुटता सुटता मध्ये एक द आपोआप उमटतो. ग्रीकांच्या जिभेने हेच केले आणि मराठी जीभही हेच करते, म्हणून तर वानराचे आपल्याकडे ‘वांदर’ झाले. म आणि र एकत्र आले की त्याच न्यायाने मध्ये ब येतो: आम्राचा आंबा आणि ताम्राचे तांबे झाले, ते असेच. ग्रीकमध्येही संस्कृत ‘अमृत’ या शब्दाचा सख्खा भाऊ ‘आम्ब्रोतोस’ आहे आणि देवांचे अन्न म्हणून प्रसिद्ध असलेला ‘आम्ब्रोसिया’ हा शब्द त्याच घरातला आहे. थोडक्यात, मेनांद्रोसमधला द आणि आंब्यातला ब हे एकाच कारणाने जन्मलेले पाहुणे आहेत.

पूर्वपद ‘मेन’ हे ‘मेनो’ या क्रियापदापासून आले आहे. त्याचा साधा अर्थ थांबणे, राहणे असा आहे. पण होमरच्या महाकाव्यांत हेच क्रियापद रणांगणावर शत्रू चालून येत असताना जागा न सोडता उभे राहणे या अर्थाने वापरले जाते. तेव्हा मेनांद्रोस म्हणजे पुरुषांपुढे, अर्थात शत्रूंपुढे, ठाण मांडून उभा राहणारा.

रानपाखरू

शब्दवेल्हाळ, आपले विवेचन पटण्यासारखे असले तरी एक शंका आहे. ग्रीकमध्ये ‘मेनोस’ असा एक नामशब्दही आहे, ज्याचा अर्थ आवेश, बळ, मनाचा जोर असा होतो, आणि तो आपल्या ‘मनस्’ शब्दाशी अक्षरशः जुळतो. मग मेनांद्रोस म्हणजे ‘मनस्’ अधिक ‘नर’, म्हणजे मनाने बलवान असा पुरुष, असा अर्थ का घेऊ नये? काही पाश्चात्त्य नामकोशांत ‘पुरुषाचे बळ’ असा अर्थ दिलेलाही मी पाहिला आहे. मला तर हा अर्थ अधिक सुंदर वाटतो.

शब्दवेल्हाळ

सुंदर आहे खराच, पण नावांच्या रचनेत तो बसत नाही. ग्रीक नावांत ‘मेनोस’ येतो तेव्हा तो बहुधा शेवटी येतो आणि त्याचे रूप ‘मेनेस’ असे होते. एउमेनेस हे नाव घ्या: ‘एउ’ म्हणजे सु, तेव्हा एउमेनेस म्हणजे शब्दशः आपला ‘सुमनस्’. त्याच्या उलट ‘दुस्मेनेस’ हे विशेषण म्हणजे ‘दुर्मनस्’. याउलट ‘मेने’ आरंभी येतो तेव्हा तो क्रियापदाचा असतो, जसे मेनेलाओस, मेनेदेमोस, मेनेक्रातेस. पुढचे पद स्वराने सुरू होत असेल तर ‘मेने’चा एकार लोप पावतो आणि मेन अधिक आंद्रोस असा मेनांद्रोस तयार होतो.

क्रियापद आधी आणि त्याचे कर्म नंतर, अशी समासाची घडण आज आपल्याला परकी वाटते, पण वेदकाळी ती आपल्याकडेही होती. ‘भरद्वाज’ म्हणजे वाज, अर्थात बळ किंवा धन, वाहून आणणारा. ‘त्रसदस्यु’ म्हणजे ज्याच्यामुळे दस्यू थरथरतात तो. अलेक्सांद्रोस हे नावही याच घडणीचे आहे. त्याचे पूर्वपद ‘अलेक्सो’ म्हणजे निवारणे, रक्षण करणे.

तरीही एक सावधगिरीची सूचना करतो. ग्रीक माणसाच्या नावाचा अर्थ फार ताणू नये, कारण घराण्यातल्या नावांचे तुकडे जोडूनही तेथे नवी नावे पाडली जात. आरिस्तोफानेसच्या ‘मेघ’ या इ.स.पूर्व ४२३ मधल्या नाटकात याची फर्मास थट्टा आहे. मुलाच्या नावात श्रीमंती थाटाचा ‘हिप्पोस’, म्हणजे घोडा, हवाच असा आईचा हट्ट असतो, तर बापाला आजोबांचे काटकसरीचे नाव लावायचे असते. शेवटी तडजोड होऊन मुलाचे नाव ‘फेइदिप्पिदेस’ ठरते, ज्यात काटकसर आणि घोडा दोन्ही कोंबलेले आहेत. बारशाच्या दिवशी आत्या, आजी आणि नवी सून यांच्यात जे होते, तेच अथेन्समध्येही होत असे.

तिसरी घंटा

मला मेनांद्रोस ठाऊक आहे तो नाटककार म्हणून. अथेन्सचा हा विनोदी नाटककार इ.स.पूर्व ३४२च्या सुमारास जन्मला, म्हणजे आपल्या राजापेक्षा तो जवळजवळ दोन शतकांनी थोर. तेव्हा हे नाव काही राजेरजवाड्यांपुरते नव्हते, ते अथेन्समधले सर्वसाधारण नागरी नाव होते, हे येथे नोंदवावेसे वाटते. एक प्रश्नही आहे. नदीच्या नागमोडी वळणांना भूगोलात जो ‘मिअँडर’ शब्द वापरतात, त्याचा या नावाशी काही संबंध आहे का? मी आजवर तसे धरून चाललो होतो.

शब्दवेल्हाळ

नाही. त्या नदीचे ग्रीक नाव ‘माइआंद्रोस’ आहे आणि ती आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात वाहते. आरंभीचा स्वर वेगळा, त्यामुळे घराणेही वेगळे. मराठी लिपीत दोन्ही नावे शेजारी लिहिली की फरक लगेच दिसतो. इंग्रजी उच्चारांच्या सवयीमुळे मात्र आपली फसगत होते.

कोरीव

आता हे नाव भारतात आल्यावर त्याचे काय झाले, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे शिलालेखांचा आणि नाण्यांचा भक्कम पुरावा आहे.

मेनांद्रोसच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक लेख आहे: ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख आहे: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दोन्हींकडे षष्ठी आहे, म्हणजे ‘महाराज त्राता मेनांद्रोस याचे’, आणि ‘नाणे’ हा शब्द अध्याहृत आहे. येथे गंमत अशी की बासिलेउसचा महाराज झाला आणि सोतेरचा त्राता झाला, म्हणजे दोन्ही पदव्यांचा अनुवाद झाला. नावाचा मात्र अनुवाद न करता केवळ ध्वनी उतरवून घेतला आहे. टांकसाळीतल्या त्या लेखनिकाला ‘ठाण मांडून राहणारा’ असा एखादा प्राकृत शब्द सहज घडवता आला असता. त्याने तसे केले नाही, कारण पदवीला अर्थ असतो आणि नाव ही खूण असते, हे त्याला पुरते कळत होते.

नाण्यावरचा हा ‘मेनंद्र’ मूळ उच्चाराच्या फार जवळ आहे. आजच्या पाकिस्तानातल्या बाजौर भागात सापडलेल्या एका अस्थिकरंडकावर याच राजाचा उल्लेख ‘मिनेद्र’ असा येतो, म्हणजे स्वर सरकू लागले होते. पाली ‘मिलिंदपञ्ह’ (मिलिंदाचे प्रश्न) या, राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादाच्या बौद्ध ग्रंथात तो ‘मिलिंद’ झाला आणि अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राच्या ‘अवदानकल्पलता’ या संस्कृत काव्यात ‘मिलिंद्र’ दिसतो. शेवटच्या दोन रूपांकडे लक्ष द्यावे. भारतीय कानांना ‘आंद्र’ अनोळखी होता आणि ‘इंद्र’ घरचा होता. नरेंद्र, महेंद्र यांच्या रांगेत हा परदेशी पाहुणा बसवला गेला. महेंद्राचे पालीत जसे महिंद होते, तसे मिलिंद्राचे मिलिंद.

राहिला प्रश्न न चा ल कसा झाला याचा. एका शब्दात दोन अनुनासिके जवळ आली की जीभ त्यांपैकी एक बदलते, याला विषमीकरण म्हणतात. यासाठी पाली व्याकरणात शिरायचीही गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात आणि शेतात पुरावे पडले आहेत. नवनीताचे लोणी झाले, निंबाचा लिंब झाला, आणि उलट दिशेने दोन ल असलेल्या लांगलाचा नांगर आणि ललाटाचे निढळ झाले. निढळाचा घाम गाळून नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी जो नियम आहे, त्याच नियमाने मेनांद्रोसचा मिलिंद झाला.

‘आंद्रोस’ हे पद प्रत्येक वेळी असेच बदलले असे मात्र नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात समकालीन यवन राजांची नावे आहेत: अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. यांतला अलिकसुदर म्हणजे अलेक्सांद्रोस. अर्थात हा जगज्जेता सिकंदर नव्हे, अशोकाच्या काळातला त्याच नावाचा दुसरा राजा. मिलिंदपञ्हात राजा आपला जन्म ‘अलसंद’ येथे झाल्याचे सांगतो, आणि ते अलेक्सांद्रिया या नगरनामाचे पाली रूप आहे. म्हणजे एकाच आंद्रोसची ‘सुदर’, ‘संद’ आणि ‘इंद’ अशी तीन रूपे आपल्यासमोर आहेत. याच ग्रंथात राजाच्या यवन सेवकांपैकी एकाचे नाव ‘अनंतकाय’ आहे. अभ्यासक त्यात अंतिओखोस ओळखतात. ज्याच्या देहाला अंत नाही असा यवन!

अंजनवेल

आता भुंग्याची बाजू मांडते, कारण धागाकर्त्यांच्या आईंवर अन्याय होऊ नये.

संस्कृत कोशांत ‘मिलिंद’ म्हणजे भ्रमर असा अर्थ खरोखरच आहे, तेव्हा तो कोणी बारशाच्या पुस्तिकेसाठी रचलेला नाही. परंतु तो जुना मात्र वाटत नाही. अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत पर्यायकोशात भुंग्याचे पर्याय असे दिले आहेत: ‘मधुव्रतो मधुकरो मधुलिण्मधुपालिनः। द्विरेफपुष्पलिड्भृङ्गषट्पदभ्रमरालयः॥’ मोजून अकरा शब्द आहेत आणि त्यांत मिलिंद नाही. हा शब्द दिसतो तो नंतरच्या काव्यांत, आणि तेथे अरविंद, मकरंद यांच्याशी यमक जुळवायला तो कवींना फार सोयीचा पडला असावा, असे माझे मत आहे. ज्या भाषेत अरविंद आहे आणि मकरंद आहे, तिला त्यांच्यामध्ये घिरट्या घालणारा मिलिंद हवाच होता.

एक मोह येथे टाळायला हवा. ग्रीकमध्ये मधाला ‘मेलि’ आणि मधमाशीला ‘मेलिस्सा’ म्हणतात, त्यावरून मिलिंद म्हणजे भुंगा हा अर्थही ग्रीकांकडूनच आला, असे एका व्हॉट्सॲप संदेशात मी वाचले. ध्वनी जुळतो एवढ्यावर नाते जुळत नाही. मेलि शब्दापासून मिलिंदपर्यंत येणारी एकही मधली पायरी कोणी दाखवलेली नाही, तर मेनांद्रोसच्या बाबतीत कोरीव यांनी वर चार पायऱ्या दाखवल्या आहेत. फरक तेथेच आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे की हे दोन वेगळे शब्द आहेत, जे एका उच्चारात येऊन भेटले. धागाकर्त्यांच्या आईंनी भुंगा मनात धरून नाव ठेवले असेल, तर त्यांच्या मुलाच्या नावाचा अर्थ भुंगाच आहे. राजाच्या नावाची व्युत्पत्ती त्यांच्यावर लादण्याचे कारण नाही.

नागसेनवन

अंजनवेलताई, आपले म्हणणे मान्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. आमच्या घरी मिलिंद या नावाचा भुंग्याशी कधीच संबंध नव्हता. माझे वडील औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये हे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला या राजाचे नाव मिळाले आणि परिसराला त्याच्याशी वाद करणाऱ्या भिक्खूचे, नागसेनवन असे. वडिलांनी धाकट्या भावाचे नाव मिलिंद ठेवले ते प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर पटले तर तसे मोकळेपणाने कबूल करणाऱ्या राजाच्या आठवणीने. महाराष्ट्रातल्या कितीतरी बौद्ध घरांत हे नाव याच वाटेने आले आहे.

धाग्याच्या विषयाशी अगदी नेमकी जुळणारी एक गोष्ट म्हणजे मिलिंदपञ्हातला संवाद सुरू होतो तोच नावाच्या प्रश्नाने. राजा विचारतो, भदंत, आपले नाव काय? भिक्खू सांगतात की मला नागसेन म्हणून ओळखतात. आईवडील नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात. पण ही केवळ संज्ञा आहे, व्यवहार आहे, ‘नाममत्त’, म्हणजे नुसते नाव, आहे, आणि त्यामागे कोणी पुद्गल, म्हणजे स्वतंत्र व्यक्ती, सापडत नाही. त्यावर राजा हटून बसतो आणि केस, नखे, दात यांपैकी नागसेन कोणता, असे एकेक करून विचारत जातो. मग सुट्या भागांपैकी एकही भाग म्हणजे रथ नव्हे, हा रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर मेनांद्रोसने येथे आपले नाव सार्थ केले, असे मला नेहमी वाटते: समोरच्याने उत्तर दिले तरी हा जागचा हलत नाही आणि पुढचा प्रश्न तयार ठेवतो.

वसईवाला

थोडे अवांतर, पण त्याच आनेरच्या घरातले. आमच्या वसईत घरोघरी एखादा तरी अँड्र्यू असतो आणि गोव्यात पोर्तुगीज वळणाचा आंद्रे असतो. दोन्हींचे मूळ ग्रीक आंद्रेआस, म्हणजे पुरुषी, पराक्रमी. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्च त्याच संताचे आहे. तेव्हा मिलिंद आणि अँड्र्यू हे नात्याने चुलत भाऊ ठरतात, हे आज येथे कळले.

रानपाखरू

वसईवाल्यांनी एक वाट दाखवली, तर तिसरी अरबी-फारसीची वाटही सांगायला हवी. अलेक्सांद्रोसचे पहिले ‘अल’ हे अरबांना आपले उपपद वाटले, म्हणून ते सोडून इस्कंदर उरला आणि आपल्याकडे सिकंदर आला. प्लातोनचा तर ‘अफलातून’ झाला आणि मराठीत ते विशेषनाम न राहता विशेषण बनले. मेनांद्रोस त्या वाटेने आला नाही, म्हणून तो इतका घरचा वाटतो. सिकंदर ऐकताच परका राजा डोळ्यांसमोर येतो. मिलिंद ऐकताच शेजारचा मुलगा.

तिसरी घंटा

कोरीव यांना एक प्रश्न. महाराष्ट्रातल्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, असे आम्हाला सहलीत सांगितले होते. तेथे एखादा मेनांद्रोस किंवा मिलिंद कोरलेला आहे का?

कोरीव

कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची नावे आहेत, पण ती सिहधय, धम अशी भारतीय वळणाची आहेत. जुन्नरला एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याचे म्हटले आहे आणि तेवढेच एक नाव परके वाटते. सर्वांत बोलका लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सतराव्या लेण्यात आहे. तेथला दाता स्वतःला उत्तरेकडचा, दातामितीचा रहिवासी, योणक (म्हणजे यवन) म्हणवतो; त्याचे नाव मात्र इंद्राग्निदत्त आणि वडिलांचे धर्मदेव. दातामिती म्हणजे दत्तामित्री हे नगर, आणि त्या नावात बहुतेक अभ्यासक देमेत्रिओस हे ग्रीक नाव ओळखतात. म्हणजे माणसाचे ग्रीक नाव पुसले गेले आणि गावाच्या नावात एक ग्रीक राजा दत्त आणि मित्र होऊन राहिला.

मेनांद्रोसचे नाव आपल्या किनाऱ्याजवळ पोहोचले ते दगडावरून नव्हे, तर पैशांवरून. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लुस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचे उल्लेख आहेत, हे आपण जाणताच. त्याच लेखकाने नोंदवले आहे की बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे अपोलोदोतोस (दुसरा एक यवन राजा) आणि मेनांद्रोस यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मा नाणी अजून चलनात आहेत. राजाला जाऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. पैठणहून आणि तेरहून माल भडोचलाच जात असे. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या गाडीवानाने ‘मेनांद्रू’ ही न वाचता येणारी अक्षरे तळहातावर घेऊन नाणे खरे की खोटे हे दाताने तपासले असेल, अशी कल्पना करायला माझी हरकत नाही.

भुंगा १९७१

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. तिचे आता वय झाले आहे, ऐकूही कमी येते, त्यामुळे लोणी आणि नांगर यांचा भाग दोनदा वाचावा लागला. राजाबद्दल तिने फारसे काही विचारले नाही. अमरकोशात मिलिंद नाही हे मात्र तिला खरे वाटेना, तिने कपाटातली जुनी प्रत काढायला लावली, भिंगातून तो श्लोक स्वतः वाचला, बोटांवर अकरा शब्द मोजले आणि म्हणाली, “अमरसिंह विसरला असेल, मी कशाला बदलू?”

पुतणीच्या मुलाचे नाव अखेर वेगळेच ठेवले गेले. पुस्तिका परत करण्यापूर्वी मी पेन्सिलीने तो अर्धविराम खोडला, भ्रमराच्या पुढे पूर्णविराम दिला आणि खालच्या कोऱ्या जागेत दुसऱ्यांदा ‘मिलिंद’ लिहून पुढे ‘मेनांद्रोस, जागा न सोडणारा’ असे लिहिले.

शब्दवेल्हाळ

उत्तम. फक्त ‘पुरुषांपुढे’ हा शब्द राहिला. तेवढा घालावा, नाहीतर आंद्रोसचा सगळा द वाया गेला.